घरचा पियानो, घरचा सिंथेसायझर: हौशी वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी आणि घर सांभाळून जे लोक पहाटे किंवा रात्री डिजिटल पियानोसमोर बसतात आणि सुटीच्या दिवशी सिंथेसायझरची बटणे फिरवत नवा आवाज शोधतात, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. यांतील बरेच प्रश्न प्रौढ वयात वाजवायला लागलेल्यांचे आहेत, आणि त्यांपैकी अनेकजण पेटीवर किंवा गाण्याच्या क्लासात स्वरज्ञान मिळवून इकडे वळलेले असतात. व्यासपीठ गाठण्याची घाई नसलेल्या, परंतु जे वाजवायचे ते नीट वाजवण्याची मनापासून इच्छा असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे दिली आहेत.

कीबोर्ड, डिजिटल पियानो आणि सिंथेसायझर यांत फरक काय, आणि आधी काय घ्यावे?

दुकानात कीबोर्ड म्हणून जे दाखवतात ते बहुधा ६१ पट्ट्यांचे अरेंजर कीबोर्ड असते. त्यात शेकडो तयार आवाज आणि ठेके असतात, आणि डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर, धरली की साथ आपोआप वाजू लागते. यामाहा आणि कॅसिओ या दोन्ही कंपन्यांनी भारतीय वाद्यांचे आवाज आणि ताल असलेली मॉडेल खास येथील बाजारासाठी काढली आहेत, आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत व शाळांच्या स्नेहसंमेलनांत दिसतात ती वाद्ये बहुतेक याच जातीची असतात. डिजिटल पियानोत आवाज मोजके असतात, परंतु त्याच्या ८८ पट्ट्यांना खऱ्या पियानोच्या हातोडीसारखे वजन दिलेले असते आणि बोट किती वेगाने पडले त्यावर आवाजाचा जोर व पोत ठरतो. सिंथेसायझरमध्ये मुख्य सोय असते ती आवाज मुळापासून घडवण्याची; पट्ट्या कमी असतात, हलक्या असतात, आणि काही यंत्रांना तर पट्ट्याच नसतात.

एकच वस्तू घेणे शक्य असेल तर डिजिटल पियानो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तम सिंथेसायझर संगणकावर फुकट उतरवून घेता येतो. वजनदार पट्ट्या मात्र कोणत्याही संगणकावर उतरवता येत नाहीत.

घरी ६१ पट्ट्यांचा जुना कीबोर्ड आहे. त्यावर सुरुवात चालेल का?

पहिले वर्ष सहज चालेल, मात्र त्याच्या पट्ट्यांना बोटाचा जोर कळत असला पाहिजे. हळू आणि जोरात दाबून पाहावे. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला, तर त्या वाद्यावर पियानोचा हात तयार होणार नाही. सोबत पायाने दाबायचा सस्टेन पेडल घ्यावा. पेडल उलटा चालत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर लांबत असतील, तर वाद्य बंद करून पेडलवर पाय न ठेवता पुन्हा सुरू करावे. बऱ्याच वाद्यांत एवढ्यानेच तो सुधारतो.

मी अनेक वर्षे पेटी वाजवली आहे. पियानोसाठी तिचा उपयोग होईल की अडथळा?

उपयोग मोठा आहे. पट्ट्यांची मांडणी तीच असते आणि कानाला स्वरांतरे ओळखता येतात, ही तर निम्मी तयारी झाली. गाण्याच्या बैठकीत ज्याला आपण पांढरी एक म्हणतो तो पाश्चात्त्य पद्धतीचा सी, पांढरी चार म्हणजे एफ, काळी एक म्हणजे सी शार्प आणि काळी पाच म्हणजे ए शार्प. ‘काळी चारमध्ये घ्या’ असे गायकाने म्हणताच ज्याचा उजवा हात तिकडे जातो, त्याला सगळ्या स्केलमध्ये फिरण्याची अर्धी सवय आधीच असते.

अडचणी तीन ठिकाणी येतात. डावा हात आजवर भाता सांभाळत आलेला असतो, त्यामुळे त्याची बोटे स्वतंत्रपणे चालत नाहीत. पेटीत आवाजाचा चढउतार भात्यावर ठरतो, तर पियानोत तो बोट पट्टीवर पडण्याच्या वेगावर ठरतो आणि बोट पडून गेल्यावर त्या सुराचे काहीही करता येत नाही. तिसरी गोष्ट अशी की पेटीचा सूर हवा असेपर्यंत टिकतो, पियानोचा सूर मात्र वाजताक्षणी मावळू लागतो. म्हणून गाण्यातली लांब स्वरपंक्ती पियानोवर वाजवताना पुढचा सूर मागच्या सुराच्या मावळत्या जोराला जुळवून टाकावा लागतो.

यावर चांगला उपाय म्हणजे ओळखीचे अलंकार डाव्या हाताने वाजवणे. सारेग, रेगम, गमप हा अलंकार आधी एकट्या डाव्या हाताने अत्यंत सावकाश घ्यावा. त्यानंतर दोन्ही अंगठे मधल्या सीवर ठेवून उजवा हात चढत आणि डावा उतरत, असे विरुद्ध दिशांना न्यावेत. सी मेजरमध्ये, म्हणजे फक्त पांढऱ्या पट्ट्यांच्या सप्तकात, असे वाजवले असता दोन्ही हातांत एका वेळी तेच बोट येते, त्यामुळे डावा हात उजव्याकडून शिकत जातो. एकाच दिशेने दोन्ही हात नेण्याचा प्रयत्न यानंतर करावा. तो दिसायला सोपा आहे, परंतु त्यात अंगठे वेगवेगळ्या जागी वळतात आणि नवशिका तेथेच अडखळतो.

चाळिशीनंतर पियानो येतो का?

येतो. बोटांचा वेग लहान मुलांच्या मानाने उशिरा येतो, परंतु रचना समजून घेणे, चूक कुठे होते ते शोधणे आणि कंटाळवाणा भाग नेटाने पुन्हा वाजवणे या गोष्टी प्रौढांना अधिक चांगल्या जमतात. वेगवान रचनांचा हट्ट पहिली दोन-तीन वर्षे बाजूला ठेवावा.

जमिनीवर मांडी घालून वाजवले तर चालते का? बसण्याची योग्य पद्धत कोणती?

पेटीच्या सवयीमुळे अनेकजण कीबोर्ड चौरंगावर किंवा थेट पलंगावर ठेवतात. पेटी हलक्या बोटाने वाजते म्हणून तेथे हे निभावते. वजनदार पट्ट्यांवर असे वाजवले तर मनगट वर मोडते किंवा खाली लटकते, आणि काही आठवड्यांत दुखू लागते. खुर्चीपेक्षा उंची बदलता येणारे बाक बरे. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर असावे, हाताचा पुढचा भाग जमिनीला समांतर असावा आणि दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकलेली असावीत. बाकाच्या पुढच्या निम्म्या भागावरच बसावे, म्हणजे शरीराचे वजन हातांकडे नेता येते.

बोटांत मुंग्या येणे, करंगळीकडचा भाग बधिर होणे किंवा मनगटात टोचल्यासारखे होणे या तक्रारी रियाजाने जात नाहीत. त्या दिसल्या की वाजवणे थांबवावे, आणि त्या टिकून राहिल्या तर डॉक्टरांना दाखवावे.

रोज किती वेळ आणि कसा रियाज करावा?

रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक उपयोगी पडतो, कारण हातांची आठवण एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीपर्यंतच्या विश्रांतीत पक्की होते. मात्र त्या अर्ध्या तासात काय करायचे, हे बसण्यापूर्वी ठरलेले असावे. हौशी वादकांचा सर्वाधिक वेळ रचना पहिल्यापासून सुरू करून अडेल तेथे थांबण्यात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यात जातो. त्यामुळे सुरुवात चकचकीत होते आणि शेवट कायम कच्चा राहतो.

त्याऐवजी चार मात्रांचा किंवा दोन मोजपट्ट्यांचा, म्हणजे नोटेशनमधल्या उभ्या रेघांनी पाडलेल्या दोन खणांचा, तुकडा घ्यावा. उजवा हात वेगळा, डावा वेगळा, मग दोन्ही एकत्र, असा क्रम ठेवावा. बोटांचा क्रम पेन्सिलीने कागदावर लिहावा आणि तो ठरल्यावर बदलू नये, कारण रोज वेगळ्या बोटांनी वाजवलेला तुकडा हाताच्या दृष्टीने रोज नवाच असतो. मेट्रोनोमची, म्हणजे लय मोजून देणाऱ्या यंत्राची, गती इतकी कमी असावी की चूक होण्याचे कारणच उरू नये. चुकत वाजवलेले शंभर वेळा म्हणजे चुकीचा शंभर वेळा झालेला रियाज. एक तुकडा बसला की त्याचा शेवटचा सूर आणि पुढच्या तुकड्याचा पहिला सूर हा सांधा वेगळा घोटावा. रचना खरी अडते ती अशा सांध्यांवर. रचनेचा शेवटचा तुकडा सर्वांत आधी शिकण्याची पद्धतही मला फार आवडते, कारण त्यामुळे वाजवताना आपण सतत अधिकाधिक परिचित भागाकडे जात राहतो.

काय वाजवावे, याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. १७२३ मध्ये योहान सेबास्टियन बाख यांनी दोन आणि तीन स्वरपंक्तींच्या प्रत्येकी १५ छोट्या रचनांची सुवाच्य प्रत तयार केली आणि ती कीबोर्ड वाद्यांच्या चाहत्यांसाठी, विशेषतः शिकण्याची ओढ असलेल्यांसाठी आहे, असे तिच्या मुखपृष्ठावर लिहिले. हौशी माणसाला इतक्या आदराने दिलेली देणगी विरळाच. त्या रचना सोप्या नाहीत, परंतु दोन-तीन वर्षांच्या रियाजानंतर त्यांतील दोन पंक्तींच्या एखाद्या रचनेला हात घालावा. डावा हात तेथे साथीदार न राहता बरोबरीचा गायक होतो. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे अशा जुन्या रचनांची नोटेशन मोफत आणि कायदेशीररीत्या मिळतात.

पियानोचा रियाज आणि सिंथेसायझरचे प्रयोग एकाच बैठकीत करावेत का?

करू नयेत. पियानोच्या रियाजात आवाज रोज तोच असावा लागतो, कारण आपले बोट काल आणि आज वेगळे कसे पडले हे ऐकण्यासाठी बाकी सारे स्थिर असणे गरजेचे असते. सिंथेसायझरवर नेमके उलट असते: स्वर तेच ठेवून आवाज बदलत जायचे असते. दोन्ही एका बैठकीत घेतले की अवघड मोजपट्टी आली की हात आपोआप बटणांकडे वळतो, नवा आवाज सापडल्याचा आनंद होतो, आणि ती मोजपट्टी तशीच राहते. म्हणून आठवड्याचे पाच दिवस पियानोला आणि सुटीची एक लांब दुपार सिंथेसायझरला, अशी वाटणी मी सुचवीन.

वेळ वेगळी ठेवली तरी दोन्ही कामे एकमेकांना पोसतात. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी बाख यांच्या रचना मूग सिंथेसायझरवर ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा त्या यंत्रातून एका वेळी एकच सूर निघत असे. प्रत्येक स्वरपंक्ती वेगळी वाजवून, तिला वेगळा आवाज देऊन, टेपवर थर चढवावे लागले. घरी हाच प्रयोग लहान प्रमाणात करण्याजोगा आहे. पियानोवर शिकलेल्या रचनेचा डावा हात एका आवाजात आणि उजवा दुसऱ्या आवाजात मुद्रित करावा. पियानोवर एकमेकांत मिसळणाऱ्या पंक्ती अशा सुट्या ऐकल्या की सोमवारी पुन्हा पियानोवर बसताना डाव्या हातात काय चालले आहे ते कान स्वतःहून ऐकू लागतो.

सिंथेसायझरमध्ये आवाज कसा घडतो? इतक्या बटणांतून सुरुवात कोठून करावी?

तयार आवाजांची यादी बंद करून. बऱ्याच सिंथेसायझरमध्ये सगळे काही मूळ स्थितीला नेण्याची सोय असते, तेथून सुरुवात करावी.

बहुसंख्य सिंथेसायझर, १९७० च्या मिनीमूगपासून आजच्या सॉफ्टवेअरपर्यंत, एका साध्या साखळीवर चालतात. ऑसिलेटर हा कच्चा सूर देतो. त्याची लहर करवतीच्या दात्यासारखी असेल तर तिच्यात मूळ सुराचे सगळे उपस्वर, म्हणजे त्याच्यासोबत वाजणारे वरचे सूर, असतात आणि आवाज झणझणीत येतो. चौकोनी असेल तर फक्त विषम क्रमांकाचे उपस्वर असतात आणि आवाज पोकळ, क्लॅरिनेटकडे झुकणारा येतो. पुढचा फिल्टर यांतले वरचे उपस्वर कापतो. त्याचे बटण उघड्या स्थितीतून हळूहळू बंद करत नेले की तोच सूर उजळ आवाजातून मऊ, मग घुमणाऱ्या आवाजात जातो. हे एकच बटण अर्धा तास फिरवत बसणे हा वेळेचा उत्तम उपयोग आहे, असे मी गंभीरपणे म्हणतो, कारण आवाजाचा रंग म्हणजे उपस्वरांचे प्रमाण, हे ज्ञान पुस्तकापेक्षा त्या बटणातून लवकर होते.

शेवटी एन्व्हलप, म्हणजे वेळेनुसार सुराचा जोर कसा बदलेल ते ठरवणारा भाग, येतो, आणि नवशिक्यांचा गोंधळ बहुतेक येथेच होतो. त्याचे चार भाग असतात: अ‍ॅटॅक म्हणजे सूर पूर्ण जोरावर यायला लागणारा वेळ, डिके म्हणजे तेथून खाली येण्याचा वेळ, सस्टेन म्हणजे पट्टी दाबून धरली असताना आवाज ज्या पातळीवर राहतो ती पातळी, आणि रिलीज म्हणजे पट्टी सोडल्यावर विरण्याचा वेळ. यांपैकी तीन भाग वेळ सांगतात आणि सस्टेन ही पातळी आहे, एवढे लक्षात ठेवले की निम्मी कोडी सुटतात. अ‍ॅटॅक शून्य, डिके थोडा आणि सस्टेन शून्य केला तर छेडलेल्या तारेचा भास होतो. अ‍ॅटॅक लांबवून सस्टेन पूर्ण ठेवला तर गजाने वाजवलेल्या वाद्यांच्या समूहाचा.

पियानोवरची एखादी लहानशी धून घेऊन ती या दोन टोकांच्या आवाजांत वाजवून पाहावी. लांब अ‍ॅटॅकमध्ये जलद सूर उमटायच्या आतच संपतात, त्यामुळे हाताला आपोआप संथ व्हावे लागते. आवाज बदलला की वाजवणेही बदलावे लागते, ही गोष्ट हाताला एकदा समजली की अरेंजर कीबोर्डवरची बासरी पियानोसारखी ठोकून वाजवली जात नाही.

ही साखळी अंगवळणी पडल्यावर एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) पद्धतीकडे वळावे. एका लहरीने दुसरीची कंप्रता वेगाने हलवली की नवे उपस्वर जन्मतात, हे जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात शोधले आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स ७ या सिंथेसायझरमधून ती पद्धत जगभर पोहोचली. घंटा, टाळ, धातूचे नाद तिच्यात सुरेख बनतात. मात्र काय केल्यावर काय होईल याचा अंदाज बांधणे कठीण असते.

पैसे न खर्चता सिंथेसायझरचे प्रयोग करता येतील का?

येतील, आणि सुरुवातीला तसेच करावेत. सर्ज एक्सटी हे मुक्त सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे आणि आयुष्यभर पुरेल इतके खोल आहे. व्हायटलची मोफत आवृत्ती लहरींचे चित्र पडद्यावर दाखवते, त्यामुळे शिकण्यासाठी सोयीची आहे. डीएक्स ७ ची पद्धत समजून घेण्यासाठी डेक्स्ड, आणि तारांनी जोडायच्या मॉड्युलर यंत्रांसाठी व्हीसीव्ही रॅक, हीही मोफत मिळतात. डिजिटल पियानो यूएसबी केबलने संगणकाला जोडला की त्याच्याच पट्ट्यांवर ही सारी वाजतात.

पट्टी दाबल्यानंतर आवाज उशिरा येत असेल तर दोष बहुधा ध्वनीच्या सेटिंगमध्ये असतो. संगणक आवाज नमुन्यांच्या, म्हणजे क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांच्या, लहान तुकड्यांत पाठवतो. तुकडा २५६ नमुन्यांचा आणि वेग सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असेल तर एका तुकड्याला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात, जे बोटांना खटकत नाही. विंडोजवर त्यासाठी असिओ प्रकारचा ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी ठेवणारे जोडसॉफ्टवेअर, निवडावा. ब्लूटूथ हेडफोन मात्र वाजवताना कधीही वापरू नयेत. त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो आणि लय बिघडते.

मिडी म्हणजे नेमके काय?

कोणता सूर, किती जोराने, कधी दाबला आणि कधी सोडला, याची माहिती एका वाद्याकडून दुसऱ्याकडे नेणारी ती ठरलेली पद्धत आहे. तिच्यातून आवाज जात नाही. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्यउद्योगाच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये, सिक्वेन्शियल सर्किट्सचे प्रॉफेट ६०० आणि रोलंडचे ज्युपिटर ६, एकमेकांना जोडून दाखवली गेली. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी हे या सहकार्यामागचे प्रमुख लोक होते. रियाजासाठी तिचा फार चांगला उपयोग होतो: आपले वाजवणे मिडीत मुद्रित केले की प्रत्येक सुराचा जोर १ ते १२७ या आकड्यांत दिसतो. चौथे बोट सतत कमजोर पडते की काय, याचे उत्तर तेथे लिहिलेले सापडते.

पियानोवर किंवा सिंथेसायझरवर राग वाजवता येतात का?

हा प्रश्न जुन्या वादाशी जोडलेला आहे. पेटीचे बांधलेले सूर आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, घेण्यातली असमर्थता यांवरून झालेल्या टीकेनंतर आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पियानोला हे दोन्ही आक्षेप लागू होतात.

सुरांचा प्रश्न आकड्यांत असा मांडता येतो. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, प्रत्येक १०० सेंटचा. पंचम तेथे ७०० सेंटवर येतो आणि नैसर्गिक पंचम ७०२ वर असतो, त्यामुळे तो सहसा खटकत नाही. शुद्ध गांधार मात्र नैसर्गिक स्थितीत ३८६ सेंटवर असतो आणि पियानोचा ४०० वर, म्हणजे १४ सेंट चढा. मधला सी षड्ज मानला तर नैसर्गिक गांधार सुमारे ३२७ हर्ट्झवर येतो आणि पियानोचा ई ३२९.६ वर, दोन्ही एकत्र धरले की सेकंदाला अडीच वेळा आवाज हेलकावतो. नीट लावलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गांधार ऐकू येतो, त्याच्या शेजारी पियानोचा गांधार अस्वस्थ का वाटतो, त्याचे कारण हेच आहे. ज्यांना हे ऐकू येते त्यांनी कानाला दोष देऊ नये. कान बरोबर आहे.

सिंथेसायझरवर यावर उपाय आहे. सर्ज एक्सटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सप्तकातील प्रत्येक सूर सेंटमध्ये हवा तेथे बसवता येतो, आणि ती मांडणी स्काला नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवता येते. गांधार ३८६, धैवत ८८४ आणि निषाद १०८८ वर ठेवून यमनचे स्वर तानपुऱ्यासोबत नुसते लांब धरून ऐकावेत. हौशी वादकाला घरबसल्या करता येणाऱ्या प्रयोगांत याच्याइतका आनंद देणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. मात्र ही मांडणी एका षड्जासाठीच असते. षड्ज बदलला की ती पुन्हा त्या पट्टीवरून सुरू करावी लागते.

मींडेसाठी आवाज एकसुरी करावा, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजेल, आणि ग्लाइडची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकण्याची, वेळ थोडी वाढवावी. डाव्या हाताखालचे पिच बेंड चाक मूळ सेटिंगमध्ये बहुधा दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली नेते. मोठ्या मींडेसाठी ते पाच किंवा सातपर्यंत वाढवता येते, परंतु जितके वाढवावे तितके ते सांभाळणे कठीण होते. दरबारी कानड्याच्या गांधाराचे आंदोलन यंत्राच्या आपोआप हलणाऱ्या लहरीवर सोपवू नये. ती लहर एकसारखी असते, आणि गायकाचे आंदोलन श्वासागणिक बदलते. ते हातानेच घ्यावे.

पियानोवर मींड नाही हे मान्य करून राग निवडावा. हंसध्वनी किंवा दुर्गा यांची स्वरवाक्ये तुटक सुरांतही आपली ओळख बरीच राखतात. डाव्या हाताने कॉर्ड देण्याची घाई मात्र करू नये; षड्ज-पंचम सावकाश धरणे पुष्कळ वेळा पुरते, कारण कॉर्डमधला एखादा वर्ज्य स्वर रागाची सारी मांडणी पुसून टाकतो.

असे प्रयोग भारतात पूर्वी कोणी केले आहेत का?

होय, आणि बरेच आधी. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला, आणि गीता साराभाई यांच्यासह काही भारतीय संगीतकारांनी तेथे टेपवर रचना केल्या. मुंबईत हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची ज्युपिटर ८ हा सिंथेसायझर, टीबी ३०३ हे बेस वाजवणारे आणि टीआर ८०८ हे ठेके वाजवणारे, अशी तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. टीबी ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि त्यांनी ती रागाच्या चलनासाठी वापरली. तेव्हा फारसे कोणी दाद दिली नाही; २०१० मध्ये ते ध्वनिमुद्रण पुन्हा निघाल्यावर जगभरच्या श्रोत्यांनी ते शोधून ऐकले.

फ्लॅटमध्ये राहतो. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करावे?

केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आणि दिवसा ५५ डेसिबल आहे. हेडफोन लावले म्हणजे प्रश्न संपला असे अनेकांना वाटते. परंतु वजनदार पट्ट्यांचा ठकठक आवाज स्टँडमधून जमिनीत आणि तेथून खालच्या मजल्यावर जातो, आणि खालच्यांना तो संगीतापेक्षा जास्त त्रासदायक होतो. स्टँडच्या पायांखाली जाड रबराची चटई ठेवावी आणि स्टँड सामाईक भिंतीला टेकवू नये.

कानांची काळजीही घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. सिंथेसायझरवर फिल्टरचा रेझोनन्स, म्हणजे फिल्टर जेथे कापतो तेथले सूर उठवण्याची सोय, वाढवताना अचानक शिट्टीसारखा तीव्र सूर फुटतो, म्हणून प्रयोगाच्या वेळी हेडफोनचा आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवावा.

पावसाळ्यात वाद्याची काळजी कशी घ्यावी? जुना खरा पियानो मिळत असेल तर घ्यावा का?

इलेक्ट्रॉनिक वाद्यात पट्ट्यांखाली रबराचे संपर्कबिंदू असतात. त्यांवर ओल आणि धूळ बसली की एखादा सूर वाजत नाही, किंवा हळू दाबला तरी पूर्ण जोराने ओरडतो. बिघाड बहुधा किरकोळ असतो आणि साफसफाईने जातो. वाद्यावर सुती कापड घालावे, ओलसर भिंतीपासून दूर ठेवावे, आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ सुरू ठेवावे. अ‍ॅडॉप्टर मूळचाच वापरावा. दिसायला सारख्या अ‍ॅडॉप्टरची धन-ऋण बाजू उलटी असू शकते.

खऱ्या पियानोची गोष्ट वेगळी. त्यात सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा असतो. तारांचा नाद मोठा करणारी लाकडी पाटी दमट हवेत फुगते आणि सूर चढतात, कोरड्या हवेत आकसते आणि सूर उतरतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळा व हिवाळा यांतील आर्द्रतेचा फरक इतका असतो की वर्षातून किमान दोनदा ट्यूनिंग करून घ्यावे लागते. शिवाय हातोड्यांच्या नमद्याला कसर लागते, उंदीर आत घरे करतात, आणि लाकडाला वाळवीचे भय असते. जुना पियानो विकत घेण्यापूर्वी ट्यूनरला सोबत न्यावे आणि तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्या घट्ट आहेत का, ते पाहून घ्यावे. त्या सैल झाल्या असतील तर सूर टिकत नाहीत आणि दुरुस्तीचा खर्च खरेदीपेक्षा वाढतो. गावात किंवा जवळपास ट्यूनर नसेल तर मोह आवरावा.

ग्रेड परीक्षा द्याव्यात का?

मुदत असल्याशिवाय रियाज होत नसेल तर द्याव्यात. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन ब्रिटिश संगीत-परीक्षा संस्थांच्या परीक्षा भारतात देता येतात, दोन्हींत आठवी ही सर्वांत वरची ग्रेड आहे, आणि ट्रिनिटीत इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचीही वेगळी परीक्षा आहे. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडपासून पुढे जाण्यासाठी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता लागते. वर्षभर परीक्षेच्या तीन-चारच रचना वाजवत राहणे मात्र टाळावे.

केलेले प्रयोग आणि रियाज जपून कसे ठेवावेत?

सिंथेसायझरवर आवडलेला आवाज त्याच क्षणी साठवावा, कारण दोन बटणे पुढे गेल्यावर तो पुन्हा सापडत नाही. नाव देताना तो कशासाठी योग्य आहे ते लिहावे: ‘संथ, खालच्या सप्तकात’, ‘जलद सुरांना चालेल’. रागाच्या मांडणीच्या स्काला फाइलला षड्ज कोणता ते नावातच द्यावे. पियानोचा रियाज महिन्यातून एकदा फोनवर मुद्रित करावा, फोन दर वेळी त्याच जागी ठेवावा, आणि मुद्रण लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजवताना लक्ष बोटांवर असते, त्यामुळे लय कोठे पळाली आणि डावा हात कोठे उजव्यावर चढला, हे दुसऱ्या दिवशीच्या कानाला अधिक स्पष्ट कळते. त्यातून निघालेल्या दोन दुरुस्त्या वहीत लिहाव्यात आणि पुढच्या आठवड्याचा रियाज त्यांच्यापासून सुरू करावा.